नजर पानावर, हात कामात

जात्यावर बसलेली बाई कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. नजर खाली, हात खुंट्याला, समोर पीठ पडत असतं. एरवी जे तोंडातून निघालं नसतं ते ओवीतून निघतं: सासुरवास, मार, गेलेलं लेकरू, आणि त्याच दमात बाभळ, तुळस, पाऊसपाणी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां ह्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या मुळात रचल्या गेल्या तेव्हा कुणी समोर बसून ‘आता तुझं दुःख सांग’ म्हटलेलं नव्हतं. दळण करायचं होतं, दळता दळता ते आलं.

पानाफुलांचे ठसे कापडावर घेण्याचं काम, म्हणजे हल्ली ज्याला इको-प्रिंट म्हणतात ते, हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बायकांबरोबर करायचं असेल तर बैठक जात्यासारखी हवी, हे माझं ठाम मत आहे. गोल रिंगण करून सगळ्यांची तोंडं एकमेकींकडे, आणि मध्ये कागदाचे रुमाल, अशी मांडणी बहुतेक ठिकाणी दिसते. त्यात प्रत्येकीवर बोलण्याची पाळी येते. त्यापेक्षा लांब सतरंजी किंवा एकाला एक लावलेली टेबलं, आणि बायका शेजारी शेजारी. भिंत पाठीशी, दार नजरेसमोर आणि उघडं. जिला बोलायचं ती शेजारणीशी पानाकडे बघत बोलेल. जिला नाही, ती पान लावेल. दोन्ही चालतं, आणि हे पहिल्याच दिवशी शब्दांत सांगून टाकायचं.

हे उपचार नव्हेत, हेही तेव्हाच सांगावं. रात्री झोप न लागणं, तोच प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहणं, जीव नकोसा होणं, यासाठी समुपदेशक आणि डॉक्टर लागतात. महिला हेल्पलाइन १८१, मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ आणि जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता भिंतीवर लावलेला असावा. दहा बायकांमागे रंगकाम जाणणाऱ्या दोघी आणि एक समुपदेशक, एवढी माणसं नसतील तर गट लहान करा. दोन-दोन तासांच्या सहा बैठका पुरतात. एका दिवसात उरकायची कार्यशाळा मात्र घेऊ नये. कापडाला रात्रभर भिजावं लागतं, बायकांनाही मध्ये वेळ हवा असतो.

आता कापड. मांजरपाट घ्या, न धुतलेला, सुती. ‘कॉटन’ म्हणून टेरिकॉट गळ्यात मारतात आणि त्यावर नीट काही उमटत नाही. धागा जाळून वासावरून ओळखायची रीत आहे, ती घरी करा, गटात नको. विस्तवाबद्दल पुढे लिहितेच. एक किलो मांजरपाट विणीप्रमाणे साधारण ७ ते ९ मीटर भरतो. दहा जणींना अर्धा-अर्धा मीटरचा एक तुकडा धरला तर सराव आणि फसणं मिळून पुरून उरतो. खालची सगळी मापं एक किलो कोरड्या कापडाची आहेत.

पहिलं काम खळ काढायचं. २० ते २५ लिटर पाण्यात ३० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडं रिठ्याचं पाणी घालून कापड तासभर मंद उकळायचं. पाणी चहासारखं होतं. ते ओतून कापड स्वच्छ पाण्यातून काढायचं. खळ राहिली की पाण्याचा थेंब कापडावर मण्यासारखा बसून राहतो. थेंब लगेच मुरला तर कापड तयार. ठसे उमटत नाहीत अशी तक्रार येते त्यात निम्म्या वेळा दोष ह्या पहिल्या पायरीत असतो, पानांना उगाच बोल लावला जातो.

मग हिरडा. १५० ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर पाण्यात भिजवून गाळून घ्यायची, त्या पाण्यात कापड किमान एक तास, जमलं तर रात्रभर. पिळायचं, पण खळबळायचं नाही. वाळवताना सपाट पसरायचं. दोरीवर टाकलं तर दोरीची रेघ कायमची राहते. कापड फिकट पिवळं होतं. ह्या अवस्थेत ते लोखंडाला फार हळवं असतं. गंजकी बादली, खिळा, पदराची सेफ्टी पिन ओल्या कापडाला लागली की जागीच काळा डाग.

त्यानंतर तुरटी. १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवायची, तळाशी खडे राहिले तर कापड चट्ट्यापट्ट्यांचं रंगतं. २० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून तो थोडा थोडा ह्यात ओतायचा. फसफसून फेस वर येतो, म्हणून भांडं निम्मंच भरलेलं असावं. कोमट झाल्यावर कापड रात्रभर त्यात, सकाळी एकदा पाण्यातून काढून वाळवायचं. भांडी स्टीलची, आणि ती पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाहीत. मोदकपात्र वाफेला उत्तम, पण ते ह्या कामासाठी वेगळं विकत घ्या.

हे एवढं सगळं बायकांनी करायचं की आधी करून ठेवायचं? खळ काढणं आधी उरकून ठेवा. हिरडा आणि तुरटी गटात करा. पूड चाळणं, पाणी मोजणं, कापड दाबून भिजवणं ही हातांना ओळखीची कामं आहेत, आणि पहिल्या बैठकीला ओळखीचं काम हवं. ‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणणाऱ्या बाईला तुरटी नीट विरघळली आहे की नाही हे तुमच्याआधी कळतं.

दुसऱ्या बैठकीत लोहपाणी आणा. एक लिटर पाण्यात अर्धा किलो गंजके खिळे आणि १०० ग्रॅम गूळ घालून, वर फडकं बांधून १५ ते २० दिवस ठेवलं की आंबट वासाचं काळपट पाणी तयार होतं. झाकण घट्ट लावू नये, आतून वायू सुटतो. इतके दिवस हाताशी नसतील तर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, २ ग्रॅम एका लिटर पाण्यात. हिराकस पोटात गेला तर विषबाधा होते. गटात जिवाला कंटाळलेली बाई असू शकते हे गृहीत धरून हिराकसाची पुडी, कात्र्या आणि ब्लेड मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे आणि कुलपात ठेवायचे.

हिरड्याच्या पिवळ्या कापडाचा वीतभर तुकडा प्रत्येकीला द्या. पातळ केलेलं लोहपाणी वाटीत, हातात कडुनिंबाची काडी. काडीचं टोक चावून किंवा ठेचून कुंचल्यासारखं केलेलं. पाण्याचा थेंब कापडावर टेकताना जवळजवळ रंगहीन असतो. एक क्षण काही होत नाही. मग थेंबाच्या कडेपासून करडा रंग आत सरकतो, मधोमध जांभळट होतो आणि बघता बघता निळसर काळा. हिरड्यातला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की हे होतं, जुन्या शाईचं तत्त्वही हेच. ह्यात ‘चांगलं’ काढायचं काहीच नसतं. रेघ ओढली की ती काळी होते, दरवेळी, न चुकता. ज्या बाईच्या घरात आज काय होईल याचा भरवसा नव्हता तिच्यासाठी अशी न चुकता होणारी गोष्ट मोलाची आहे. ह्या एका खेळावर पूर्ण बैठक घालवली तरी हरकत नाही.

लोहपाणी दाट केलं की रेघ आणखी काळी येते हे बायकांना लगेच कळतं, आणि हात सुटतो. तिथे सांगावं लागतं: दाट लोह सूत खातं. आज सुंदर दिसणारी रेघ पुढे विरते आणि कापड नेमकं त्याच ओळीवर फाटतं. पातळ पाणी, दोनदा फिरवलेला हात, आणि नंतर भरपूर पाण्यात धुणं.

पानांचं म्हणाल तर ऋतू बघून ठरवा. सागाची कोवळी पालवी पावसाच्या तोंडावर येते. ती हातात चुरडली की तळवा लालभडक होतो. कोकणातल्या कुठल्याही मुलाला हे माहीत असतं. तीच कापडावर जांभळट-लाल उमटते. जून झालेलं पान इतका रंग देत नाही. पळसाची फुलं शिमग्याच्या आसपास, पिवळा-केशरी. झेंडू दसरा-दिवाळीला ढिगाने. तुरटीच्या कापडावर सोनेरी, लोहपाणी लागलं की हिरवट शेवाळी. पेरू, जांभूळ, गुलाब यांच्या पानांत तुरट अंश भरपूर, त्यामुळे लोहपाण्यात मिनिटभर बुडवून लावली तर करड्या-काळ्या रेखीव कडा मिळतात. एरंडाचं पान आकारासाठी घ्या. कांद्याची सालं आणि डाळिंबाची साल बारा महिने. बीट, जास्वंद, हळद पहिल्या दिवशी डोळे दिपवतात आणि उन्हात उडून जातात.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण इथे अगदी कामाची आहे. ती पहिल्या दिवशी सांगून टाका, म्हणजे जिला टिकणारा रंग हवा ती झेंडूकडे वळेल आणि जिला जास्वंदाची निळाई तीन दिवसांसाठी का होईना हवी ती जाणून-समजून घेईल. आवडीने केलेलं कापड महिन्याने फटफटीत झालं आणि आधी कुणी बोललं नव्हतं, तर ती आणखी एक फसवणूक ठरते. गंमत अशी की तेरड्याच्या पानांत मेंदीत असतो तोच रंगाचा अंश आहे. नखांवर तो छान चढतो. ज्या घरांत तेरड्याची गौर बसते तिथल्या बायकांच्या हातांना हे झाड पाण्यावरून आणायची सवयच असते.

काही झाडं घ्यायचीच नाहीत. कण्हेर विषारी, तिची वाफही नको. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. गाजरगवताने अंगाला पुरळ येतं. बिब्ब्याने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्बा वापरत, ते वाचून कुणीतरी हौसेने आणेल, आणू देऊ नका.

ठसा घ्यायची नेहमीची रीत अशी. कापड ओलसर करायचं, इतकंच की पिळलं तर थेंब पडू नये. पानं धुऊन पुसून, जाड असतील तर दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून, शिरांची बाजू कापडाकडे करून मांडायची. वर प्लॅस्टिकचा किंवा दुसऱ्या कापडाचा थर. मग बांबूच्या काठीवर नाहीतर पाइपच्या तुकड्यावर घट्ट गुंडाळायचं, सुतळीने करकचून बांधायचं, आणि दीड ते दोन तास वाफ द्यायची. वाफेच्या भांड्यातलं पाणी मध्ये एकदा बघायचं, आटलं तर गरमच पाणी घालायचं. गार होऊ द्यायचं, शक्यतो दुसऱ्या दिवशी उघडायचं. पाणी जास्त झालं तर ठसे फुटतात, गुंडाळी सैल राहिली तर धूसर येतात, लोह जास्त झालं तर सगळंच कापड मातकट.

रंगारी म्हणून ही रीत उत्तम आहे. ह्या गटात मात्र तिच्यात तीन अडचणी आहेत आणि त्या कुठल्या पुस्तकी कृतीत लिहिलेल्या नसतात.

एक म्हणजे सुतळी. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, दोरीने आवळून बांधलेलं लांबट गाठोडं. ते कशासारखं दिसतं हे वेगळं सांगायला नको. जिला कधी बांधून ठेवलं होतं तिच्यासाठी ‘अजून घट्ट, अजून घट्ट’ ह्या सूचना कानात गरम तेल ओतल्यासारख्या असतात. उपाय सोपा आहे. कापडाची चौकोनी घडी घालायची, दोन फरशीच्या तुकड्यांमध्ये धरायची आणि चारही बाजूंनी मोठे चिमटे लावायचे, कार्यालयातल्या फायलींना लावतात तसले. दाब सारखा बसतो, ठसा उलट जास्त रेखीव येतो, आणि घडीमुळे आरशासारखी जोडनक्षी मिळते. वाफेला अर्धा तास जास्त द्यावा लागतो, कारण फरशी तापायला वेळ घेते. दोन्ही पद्धती समोर ठेवा, कारण विचारू नका, जी हवी ती तिने उचलावी.

दुसरी अडचण आग. आपल्याकडे स्टोव्ह, रॉकेल, गॅस यांचा घरातल्या हिंसेशी काय संबंध आहे हे कुणाला नव्याने सांगायला नको. भाजलेल्या बाईला वाफेच्या भांड्याजवळ उभं करू नये. शेगडी वेगळ्या खोलीत, शक्यतो विजेची, आणि तिथे काम कुणी करायचं ते आधी ठरलेलं. आगच नको असेल तर काचेच्या बरणीत कांद्याची सालं, पाणी आणि तुरटी लावलेलं कापड भरून दहा-पंधरा दिवस उन्हात ठेवा. रंग मऊ, ढगाळ येतो. किंवा निळा सूर्यठसा, म्हणजे सायनोटाइप, घ्या: फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये, दोन्ही सारख्या प्रमाणात अंधाऱ्या खोलीत एकत्र करून साध्या धुतलेल्या कापडाला लावायचं. हिरडा लावलेलं कापड इथे चालत नाही, लोहामुळे ते काळं पडतं. वाळल्यावर वर पान ठेवून काचेने दाबायचं, ५ ते १५ मिनिटं ऊन दाखवायचं, पिवळं पाणी जाईपर्यंत धुवायचं. जॉन हर्शेल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली ही रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स ह्या बाईने समुद्रशैवालांचे असे ठसे घेऊन छापायला सुरुवात केली. द्रावण सूत्रधारांनीच आधी करून आणावं. तीव्र आम्ल आणि उष्णता यांपासून ते लांब ठेवायचं, कारण त्यातून विषारी वायू सुटू शकतो. बाटली बैठकीनंतर कुलपात.

तिसरी गोष्ट आवाज. फुलं कापडावर ठेवून हातोडीने ठोकून ठसा घ्यायची झटपट रीत सध्या फार लोकप्रिय आहे. दहा बायका दहा हातोड्या घेऊन बसल्या की खोलीचं काय होतं ते एकदा कल्पून बघा. दार बडवल्याचा आवाज ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकला त्यांना ह्यात बसवणं मला मान्य नाही. काही जणींना ठोकून मोकळं वाटतं हेही खरं, राग हाताला हवा असतो. तर ते अंगणात, वेगळ्या वेळी, जिला हवं तिनेच, खाली जाड घोंगडी घालून आणि लाकडी मोगरीने. बाकीच्यांना आधी सांगून.

वासाचंही असंच. मोगऱ्याचा गजरा सगळ्यांनाच सुखाची आठवण देतो असं नाही. लोहपाण्याचा आंबूस वास काहींना दारूच्या जवळ जातो. खिडकी उघडी ठेवा, फुलांची टोपली मधोमध न ठेवता कडेला ठेवा.

आणि निसर्ग म्हणजे आपोआप शांती, हे गृहीतक तर पहिल्यांदा सोडायला हवं. कुणावर हल्ला उसाच्या फडात झालेला असतो, कुणाला सरपण आणायला रानात जाताना. कर्जापायी नवऱ्याने फवारणीचं औषध घेतलं, त्या विदर्भ-मराठवाड्यातल्या बाईला शेताकडे बघून काय वाटत असेल ते आपण ठरवू नये. मांजरपाट हे कापसाचंच रूप आहे, हे ती कापड हातात घेताच ओळखते. म्हणून ‘चला, जंगलात फेरफटका मारू’ ने सुरुवात करू नका. कुंडीतली पानं, गल्लीतलं झाड, बाजारातून आणलेला झेंडू इथून सुरू करा. बाहेर जायचंच तर दिवसाढवळ्या, मोकळ्या जागी, जवळ स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणी, आणि न येणारीला त्या वेळात दुसरं काम.

नवरा गेलेल्या बाईला फुलांना, हिरव्या-लाल रंगांना हात लावताना अवघडल्यासारखं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याची बातमी देशभर झाली. पण ठरावाने हाताचा संकोच एका दिवसात जात नाही. रंग आधी वाटून देऊ नका. सगळ्या वाट्या सगळ्यांसमोर सारख्या ठेवा आणि गप्प बसा. ती मंजिष्ठाचा लाल घेईल किंवा हिरड्याचा पिवळा.

ह्या विषयावर बोलताना अना मेंदिएता ह्या चित्रकर्तीचं नाव निघतंच. १९४८ साली हवानात जन्मलेली, बाराव्या वर्षी बहिणीसोबत क्युबातून अमेरिकेत धाडलेली. आयोवा विद्यापीठात शिकत असताना १९७३ मध्ये तिथल्याच एका विद्यार्थिनीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला आणि त्यावर मेंदिएताने थेट, अंगावर येणारं काम केलं. त्याच वर्षापासून १९८० पर्यंत ती आयोवात आणि मेक्सिकोत चिखलात, गवतात, वाळूत, बर्फात स्वतःच्या देहाची आकृती उमटवत राहिली. कधी फुलांनी भरलेली, कधी बंदुकीच्या दारूने पेटवलेली. भरती आली की काही आकृत्या पुसल्या जात. हे काम मला फार थोर वाटतं. तिच्या हातात प्रत्येक निर्णय तिचा होता, हे त्यातलं मर्म.

नेमकं तेच विसरून काही कार्यशाळांत बायकांना जमिनीवर आडवं झोपवतात आणि दुसरी बाई खडूने तिच्या अंगाभोवती रेघ ओढते. दक्षिण आफ्रिकेत खायेलित्शा इथे २००२ च्या सुमारास एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांनी असे पूर्ण देहाचे नकाशे केले. त्यामागे लांबलचक तयारी आणि आधार होता. दोन तासांच्या ओळखीवर ते उचलू नये. अत्याचार झालेल्या बाईला अनोळखी माणसांत उताणं झोपायला सांगणं आणि कुणीतरी तिच्या मांडीजवळून हात फिरवणं, ह्याला कला म्हणून सूट मिळत नाही. हाताचा ठसा पुरतो. पावलाचा पुरतो. तो तिने स्वतः घ्यायचा. पाचव्या-सहाव्या बैठकीत एखादी आपणहून म्हणाली की मला माझ्या उंचीएवढं कापड हवंय, तर तिला साडीभर मांजरपाट द्या, ती उभ्यानेच पानं मांडेल.

‘तू कमळ आहेस, चिखलातून वर आलीस’ असली वाक्यंही टाळा. पान कशाचं प्रतीक ते लावणारी ठरवेल. कित्येकदा ते फक्त पेरूचं पान असतं.

काम चालू असताना एखादीचे हात थांबतात, नजर हरवते, हाक मारली तरी पोचत नाही. घाबरू नका आणि अंगाला हात लावू नका. तिच्या समोर, थोडं बाजूला बसायचं, हळू आवाजात तिचं नाव, आजचा वार, ही खोली कुठली ते सांगायचं. पाय जमिनीला टेकवायला सांगायचं. गार पाण्याची वाटी जवळ सरकवायची, तिला वाटलं तर ती बोटं बुडवेल. हातातल्या पानाच्या शिरा मोजायला सांगणं कामाला येतं, कारण ते डोळे उघडे ठेवून होतं. ‘डोळे मिटा आणि नदीकाठी आहात अशी कल्पना करा’ हा प्रकार ह्या गटात नको. मिटलेल्या डोळ्यांमागे काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. ती भानावर आली की बाहेर जायचं, बसायचं, घरी जायचं, तिन्हींपैकी काय ते तिला विचारा. पुढचं समुपदेशकाकडे.

गुंडाळी किंवा घडी उघडायचा दिवस सगळ्यांत नाजूक. पान चिकटून बसलेलं असतं, ते देठाकडून हळूच सोलायचं, खाली शिरान्‌शिर उतरलेली असते. किंवा नसते. एकीचं लखलखीत उमटतं आणि शेजारणीचं तपकिरी चिखल. म्हणून सगळ्यांनी एकदम, टाळ्या वाजवत उघडू नये. जिला वाटेल तेव्हा, हवं तर कोपऱ्यात, हवं तर घरी नेऊन. न उमटलेल्या कापडाला ‘हेही सुंदरच आहे’ म्हणू नका, ती खोटं ओळखते. काय बिघडलं ते तिच्याबरोबर शोधा: खळ राहिली होती का, पाणी बोअरचं जड होतं का, घडी सैल होती का. आणि पुढे काय करता येतं ते सांगा. पातळ लोहपाण्यातून एकदा काढलं तर लपलेले ठसे बऱ्याचदा वर येतात. झेंडूच्या पाण्यात उकळून सगळी जमीन पिवळी करता येते. पुन्हा तुरटी देऊन दुसरी पानं लावता येतात. फाडून टाकायचं असेल तर कात्री द्या. पुरायचं म्हणाली तर कुदळ द्या. सुती कापड ओल्या मातीत काही महिन्यांत विरून जातं.

पावसाळ्यात घडी दोन दिवसांपलीकडे ओली ठेवली तर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. उघडल्यावर सावलीत वाळवून आठवडाभर तसंच राहू द्यायचं, मग रिठ्याच्या पाण्यात धुवायचं. पावडर नको. लिंबूपाणी सांडलं तर लोहाचा काळा रंग तिथल्या तिथे उतरतो, डागासारखा पांढरा ठिपका राहतो. काही जणी हे कळल्यावर मुद्दाम लिंबाच्या फोडीने काळ्यावर पांढरी नक्षी काढतात. छान दिसते.

प्रदर्शनाचा विषय निघाला की थांबा. फोटो फक्त कापडाचा, हातही ओळखू येतात, बांगडी आणि गोंदण ओळखू येतं. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख पटेल असं काही छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे; तिची स्वतःची लेखी परवानगी हा मोजक्या अपवादांपैकी एक. परवानगी आज दिली तरी उद्या मागे घेता येते हे तिला सांगा. कापडाखालच्या चिठ्ठीवर तिच्यावर काय गुदरलं ते लिहू नका. ‘साग, पेरू, लोहपाणी, मांजरपाट’ एवढं पुरे. विकलं गेलं तर पैसे तिचे, पूर्ण, रोख हवे की खात्यात ते तिला विचारून, कारण खातं कुणाच्या हातात आहे ते तिलाच ठाऊक.

पुष्कळ बायका अजून त्याच घरात राहत असतात. पानांचे ठसे असलेलं कापड घरी नेलं तर कुणाला काही वावगं वाटत नाही, ओढणी आहे, टेबलावरचं कापड आहे, एवढंच दिसतं. ह्या कामाचा हा मोठा गुण आहे. म्हणून त्यावर अक्षर लिहू नये, संस्थेचं नाव छापू नये, पिशवीही साधी द्यावी. तरीही काही जणी कापड नेऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी केंद्रात एक पत्र्याची पेटी ठेवा. कापड पूर्ण वाळवून, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, सुती पिशवीत, प्लॅस्टिक नको. पिशवीवर नाव न लिहिता तिने निवडलेलं एखादं पान रेखाटा. कुठलं पान कुणाचं याची नोंद एका वहीत. वही एकीकडे, पेटीची किल्ली दुसरीकडे.